टाके असताना चिंचिलाची निगा

चिंचिलाला (उंदीर-खारीच्या वर्गातला, दाट लवेचा छोटा पाळीव प्राणी) टाके पडलेत म्हटल्यावर जीव घाबरा होणारच, पण वेळेत डॉक्टरांकडे नेलंत, हे मोठं काम झालंय. आता सुरुवातीला एवढंच सांभाळा.

डस्ट बाथ, म्हणजे अंग साफ करायला बारीक भुकटीत लोळणं, बंद. टाके आहेत तोवर ती बारीक भुकटी जखमेत जाऊन चिकटते. डॉक्टर हो म्हणाले की मगच पुन्हा सुरू करा, तेही आधी पाचेक मिनिटंच. मधल्या काळात केस तेलकट, चिकटल्यासारखे दिसतील, दिसू देत.

म्हणून पाण्याने आंघोळ मात्र घालू नका! नव्या लोकांकडून हीच चूक होते. चिंचिलाच्या एकेका मुळातून पन्नासाहून जास्त केस निघतात. इतकी दाट लव आतून लवकर वाळत नाही. मग गारठा आणि बुरशी, दोन्हींचा धोका. टाल्कम पावडरही नको. मळलेली जागा सलाइनमध्ये बुडवून घट्ट पिळलेल्या गॉजने टिपा आणि लगेच कोरडी करा. जखमेला डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच लावा.

विंचरायचंच असेल तर:
- जखमेपासून लांबचा भाग, केसांच्या दिशेने, दोनच मिनिटं.
- अंग चोरलं की थांबा. आवळून धरलंत तर भीतीने केसांचा पुंजका तुमच्या हातात सोडून देईल.

खोलीचं तापमान २५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसी लागणारच. आणि लेंड्या रोज बघा. त्या बारीक किंवा कमी झाल्या, गवत खाणं सुटलं, तर विंचरणं राहू द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.