जिल्हा परिषदेच्या शाळेवर लक्ष कोण ठेवतं, आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी दाद कुठे मागायची?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचा मुलगा गुहागर तालुक्यात एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे. त्याला कमी ऐकू येतं, दोनांपैकी एक शिक्षक बदलून गेले ते परत कुणी आलंच नाही, आणि शेजारच्या चिरेखाणीवरची मुलं तर शाळेत दिसतच नाहीत. या सगळ्याकडे बघणारं वर कुणी आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात आधी शिक्षिका आणि शेवटी केंद्रप्रमुख होते, म्हणून आतून पाहिलेलं सांगते.

बघणारे पुष्कळ आहेत. दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, त्यांच्या वर विस्तार अधिकारी, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक). लोकांच्या बाजूने जिल्हा परिषदेची शिक्षण समिती. पण मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. 'अमक्या वाडीच्या शाळेला शिक्षक का नाही' असं सभेत उभं राहून विचारणारा निवडून आलेला माणूसच त्या काळात नव्हता. कामगिरीवर काढलेले, म्हणजे आपल्या शाळेतून तात्पुरते दुसरीकडे पाठवलेले शिक्षक कामगिरीवरच राहिले, आणि ते कुणाला खटकलंही नाही. माझ्या मते आपल्याकडच्या लहान शाळांचं सगळ्यात मोठं नुकसान यानेच केलं.

अधिकारी शाळेत येतात तेव्हा काय बघतात? पट (म्हणजे दाखल मुलांची संख्या), हजेरी, पोषण आहाराची नोंदवही, अनुदानाचा खर्च, यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती. वेळ उरला तर दोन-चार मुलांना वाचायला लावतात. कित्येक केंद्रांना पूर्णवेळ केंद्रप्रमुखच नाही, कुणातरी शिक्षकाकडे अतिरिक्त कार्यभार असतो आणि तो आपला वर्ग सोडून फिरतो. अशा भेटीत पुढे बसलेलं, हात वर करणारं मूल वाचतं. तुमचा भाचा मागे गप्प बसलेला असेल तर शेरेबुकात त्याचं नाव यायचं काही कारणच नाही.

'कोकणात शिक्षण चांगलंच आहे' हे ऐकून गप्प बसू नका. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, २०२५ साली ९८.८२ टक्के. मुलांनी आणि शिक्षकांनी घेतलेल्या मेहनतीचा मलाही अभिमान आहे. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. चौथी-पाचवीत गळालेलं, खाणीवरून खाणीवर फिरलेलं, ऐकू येत नाही म्हणून 'मंद' ठरलेलं मूल त्या हिशेबात धरलेलंच नसतं.

म्हणून सुरुवात करायची ती गावातूनच, शाळा व्यवस्थापन समितीतून. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत ७५ टक्के पालक लागतात, निम्म्या महिला लागतात आणि वंचित घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. मुख्याध्यापक सचिव असतात. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी वही घरोघर फिरवून सह्या घेतात आणि सभा झाली असं लिहितात. तुमच्या बहिणीने सभा खरोखर घ्यायला लावावी. तिथे मुलाचा विषय इतिवृत्तात लिहून घ्यावा: वर्गात त्याला काय ऐकू येत नाही, काय हवंय, कुणाकडे मागायचं, कधीपर्यंत. मग त्या ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायची आणि आवक नंबरासह पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं विस्तार अधिकाऱ्यांच्या गाडीबरोबर निघून जातं. आवक नंबर पडलेल्या ठरावाला कुणालातरी लेखी उत्तर द्यावं लागतं.

काय मागायचं ते एका मुलीवरून सांगते. पहिलीतली पोर, पावसाळ्यात अगदीच मागे पडायची. पत्र्यांवर पाऊस कोसळत असला की त्या वर्गात धडधाकट माणसालाही काही ऐकू यायचं नाही. तिला श्रवणयंत्र मिळालेलं होतं, पण ते घरी देव्हाऱ्यापाशी एका स्टीलच्या डबीत ठेवलेलं. आई म्हणाली, "बाई, चालत नाय तां, म्हणून जपून ठेवलंय." यंत्र बिघडलेलंच नव्हतं. त्याची बटणाएवढी बॅटरी आठ-पंधरा दिवसांत संपते आणि ती वाडीवरच्या दुकानात मिळत नाही. शिवाय आपल्या दमट हवेत यंत्र ओलसर होतं. रात्री ते कानातून काढून, बॅटरीचं झाकण उघडं ठेवून, ओल शोषणाऱ्या पुडीबरोबर घट्ट डब्यात ठेवायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. यंत्र दिल्याची नोंद कागदावर होती, म्हणजे काम पूर्ण! पुढे तिला पहिल्या रांगेत, शिक्षकाचा चेहरा दिसेल अशी बसवली आणि बॅटऱ्यांची सोय लावून दिली. दिवाळीपर्यंत ती वाचायला लागली होती.

तर तुमच्या ठरावात या गोष्टी येऊ द्या: पहिल्या रांगेत जागा, सूचना फळ्यावर लिहून देणं, तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषय तज्ज्ञांची किंवा विशेष शिक्षकांची शाळेला नियमित भेट, यंत्राची तपासणी आणि बॅटऱ्या. हे विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेतून नेमलेले असतात. संख्येने कमी आहेत, म्हणूनच ज्या शाळेचा कागद पोचतो तिथे ते आधी जातात. यंत्र अजून मिळालं नसेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून मिळू शकतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आत्ताच काढून ठेवा. प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे वयाच्या १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपण निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 'आमच्याकडे झेपणार नाही, विशेष शाळेत घाला' असं कुणी म्हटलं तर निवड पालकांची आहे, हे शांतपणे सांगावं.

खाणीवरची मुलं आणि दुसरे शिक्षक हे दोन विषय तुम्ही वेगवेगळे मांडलेत, पण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक धरलेत. मार्च २०२४ च्या राज्य सरकारच्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या) निर्णयात मात्र २० पर्यंत पटाच्या शाळेला नियमित शिक्षक एकच आणि दुसरा निवृत्तांमधून, असं ठरलं. म्हणजे विजापूरकडून चिरे काढायला आलेल्या, आंबा बागेत राखणीला राहिलेल्या नेपाळी कुटुंबातल्या चार-पाच मुलांनीही पट विसाच्या वर जाऊ शकतो. ही मुलं दाखल करून घेणं ही मेहेरबानी नाही. स्थलांतरितांच्या मुलांचा प्रवेश हे त्याच कायद्याच्या कलम ९ खाली स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्यच आहे. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयानुसार वर्गात बसवून वेगळं प्रशिक्षण द्यावं लागतं. अडचण आधारची येते, कारण संचमान्यतेत आधार वैध ठरलेलीच मुलं मोजतात. त्यासाठी पंचायत समितीकडे गावात आधार शिबिराची मागणी करा. समितीतल्या एकाने दिवाळीनंतर खाणीवर जाऊन मुलांची नावं लिहून आणली तरी अर्धं काम होतं. आमच्या केंद्रात हे करणाऱ्या आया होत्या, आणि त्यांच्याइतकं नेमकं सर्वेक्षण मी कुणाचं पाहिलं नाही.

ठराव देऊनही हालचाल नसेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार करा. ग्रामीण भागात ती जिल्हा परिषदेकडे, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. मारहाण किंवा लैंगिक छळाचा संशय असेल तर यातल्या कशाचीही वाट बघू नका, थेट पोलीस किंवा १०९८ ही मुलांसाठीची मदतवाणी.

आणि एक गोष्ट आत्तापासून मनात ठेवा. ही शाळा चौथी किंवा पाचवीपर्यंतच असेल तर पुढची लांब पडेल. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, पण तुमच्या भाच्याचं नाव त्या यादीत असावं लागतं. जूनमध्ये धावपळ करण्यापेक्षा मार्च-एप्रिलच्या सभेतच दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना एकत्र बसवा, आणि त्याच्या यंत्राची, बसण्याच्या जागेची, सवलतींची माहिती लेखी पुढे पाठवा. नव्या शाळेतल्या बाईंना ती पहिल्याच दिवशी हातात मिळाली पाहिजे.