विंडोज न काढता लिनक्सच्या कमांड लाइनचा सराव करता येईल का?

होय, विंडोज जसेच्या तसे ठेवून लिनक्सच्या कमांड लाइनचा सराव करता येतो, आणि त्याचा सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्टनेच दिलेली ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’, अर्थात डब्ल्यूएसएल. विंडोज ११ मध्ये किंवा अद्ययावत विंडोज १० मध्ये पॉवरशेल (विंडोजची कमांड लिहिण्याची खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डब्ल्यूएसएलच्या कमांडला ‘इन्स्टॉल’ हा पर्याय जोडला (wsl --install) की उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) डाउनलोड होते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर ते टर्मिनलच्या साध्या खिडकीत वापरता येते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून ही सुविधा लिनक्सचे खरे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात) चालवते. त्यामुळे येथे बसलेला बॅश (कमांड स्वीकारणारा प्रोग्राम), ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) किंवा एसएसएच (दूरच्या संगणकाशी जोडणारी कमांड) यांचा हात पुढे प्रत्यक्ष सर्व्हरवरही तसाच चालतो, जे केवळ नक्कल करणाऱ्या संकेतस्थळांबाबत नेहमी म्हणता येत नाही. मात्र हा कप्पा विंडोजपासून पूर्णपणे अलग नाही: सी ड्राइव्ह उबुंटूमध्ये ‘एमएनटी’ या फोल्डरखाली आपोआप जोडलेला असतो, आणि तेथे ‘आरएम’ या कमांडने पुसलेली आपली खरी फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता थेट नाहीशी होते. म्हणून सराव उबुंटूमधील होम फोल्डरमध्येच करावा. मुद्दाम मोडतोड करून शिकायचे असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये वेगळे मशीन तयार करून आधी त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घ्यावा, म्हणजे बिघाड झाल्यावर पूर्वस्थितीवर परत येता येते.