कारखानीसांचा कारखाना कुठला?

प्रश्न थोडक्यात असा: ‘आमचं आडनाव कारखानीस. घराण्यात कुणाचा कसलाही कारखाना असल्याचं ऐकिवात नाही. मग हे नाव आलं कुठून, आणि सगळे कारखानीस एकाच मूळ पुरुषाचे वंशज का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. हे हुद्द्यावरून पडलेलं आडनाव आहे, आणि हुद्दा प्रत्येक गडावर होता.

आता पहिला प्रश्न. धूर सोडणारी चिमणी डोक्यातून काढून टाका. शिवकाळात कारखाना म्हणजे सरकारी कोठार किंवा खातं. ‘अठरा कारखाने, बारा महाल’ असा शब्दप्रयोग जुन्या कागदांत येतो, त्यातले हे कारखाने. धान्याचा अंबरखाना, हत्तींचा पीलखाना, तोफांचा तोफखाना, तंबू-सतरंज्यांचा फरासखाना. (पुण्यात फरासखाना म्हटलं की आता पोलीस आठवतात, तो भाग वेगळा.) गडावर हवालदार (गडाचा मुख्य अधिकारी), सबनीस (हजेरी आणि जमाखर्च पाहणारा) आणि कारखानीस असे अधिकारी असत. धान्य, दाणावैरण, दारूगोळा, गडाची डागडुजी हे कारखानीसाकडे. एकाच्या हाती सगळा गड राहू नये म्हणून महाराजांनी ही माणसंही वेगवेगळ्या जातींतली नेमली: हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. हे आडनाव आज मुख्यत्वे चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंत दिसतं, त्याचं मूळ या व्यवस्थेत आहे.

शब्दाची फोड मजेशीर आहे. फारसीत ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणं, आणि ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. मराठीच्या तोंडी त्यातला ‘व’ गळला आणि ‘नीस’ उरलं. चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा तो चिटणीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस, जमेचा लिहिणारा जमेनीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. ‘कारखाना’ला ‘नीस’ जोडलं तर खरं म्हणजे ‘कारखानानीस’ व्हायला हवं. पण शेजारी-शेजारी दोन ‘ना-नी’ म्हणत बसायला कुणाला वेळ आहे? एक खाल्ला गेला.

आणखी एक गंमत बघा. चिटणीस, फडणीस यांत ‘ण’ आहे. पोतनीस, सबनीस, पारसनीस यांत ‘न’. आधी ट किंवा ड आला की जीभ टाळूकडे वळलेलीच असते, ती ‘न’चा ‘ण’ करून टाकते. शुद्धलेखनाच्या नियमाशी याचा संबंध नाही. फडणीसाचं मूळ मात्र वादाचं आहे. कुणी ‘फर्द’ म्हणजे कागदाचा ताव किंवा यादी धरतात, कुणी फड म्हणजे कचेरी. मला पहिलं अधिक पटतं, कारण ‘नवीस’ला फारसी जोडीदार जास्त शोभतो.

ही पदं वंशपरंपरेने चालत, म्हणून हुद्दा घराला चिकटला आणि जुनं आडनाव मागे पडलं. नाना फडणवीस (1742–1800) मूळचे भानू. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे. राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोशाने, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या कोशाने, वाकनीस (रोजच्या घडामोडींची नोंद ठेवणारा) याचा मंत्री आणि सुरनीस (सरकारी पत्रं तपासणारा) याचा सचिव केला खरा, पण लोकांनी आपली फारसी आडनावं सोडली नाहीत. ‘सरचिटणीस’ तर आजही प्रत्येक पक्षाला आणि मंडळाला लागतो.

आडनावावरून जात ओळखणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. चिटणीस आणि पोतनीस प्रभूंतही आहेत, ब्राह्मणांतही. नागपूरकडच्या ‘चिटणवीसां’नी तर गळालेला ‘व’सुद्धा जपला आहे. मराठी सरदारांबरोबर कारकुनी बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरला गेली, तशी ही आडनावंही गेली. बंगालचा संबंध मात्र मराठ्यांमार्फत नाही; तिथे फारसी दफ्तर मुघल अमलामुळे पोहोचलं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या आडनावातला ‘नोबीस’ हा आपलाच ‘नवीस’. आपले मुजुमदार आणि तिकडचे मजुमदार यांचंही तसंच, हुद्दा एक आणि नातं काही नाही.

तेव्हा तुमच्या घराण्याचा माग काढायचा तर ‘कारखानीस’ या नावामागे धावू नका. त्याआधीचं आडनाव, गोत्र, कुलदैवत आणि कोणत्या गडाचं किंवा गावचं वतन होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गावाचं नाव हाती लागलं, तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. कागद मोडीत आहेत, त्यामुळे मोडी वाचणारं कुणी तरी बरोबर घेऊन जा.