गेल्या सीझनला ५ विजय, यंदा ७. टीम सुधारली म्हणायची का?

तुमचा मुलगा अमेरिकेत शिकतो त्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमनं गेल्या वर्षी पाच मॅच जिंकल्या, यंदा सात, एकूण यार्डही (चेंडू पुढं नेलेलं अंतर) वाढलेत. तर सीझनच्या आकड्यांवरून ती खरंच सुधारली का, हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. खरं तर मी दुसरंच काही शोधत इथं आलो होतो, पण हा प्रश्न बघून पुढं जाववेना. याच एका प्रश्नावरून माझं आणि माझ्या मेहुण्याचं कित्येक वर्षं वाजतंय.

मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल पायानं खेळायचा असतो हे संस्कार पक्के. पण नेब्रास्कात लिंकनला राहायला आलो आणि चार-दोन वर्षांत बाटलो. इथं १९६२ पासून स्टेडियमचं एकही तिकीट शिल्लक राहिलेलं नाही, तुम्ही किती दिवस वेगळे राहणार? मेहुणा तीन तासांवर, आयोवातल्या डे मॉइनला. त्यामुळे तो आयोवा युनिव्हर्सिटीच्या टीमचा. बायको दोघांपैकी कोणाचीच नाही.

२०२१ चा आमचा, म्हणजे नेब्रास्का युनिव्हर्सिटीचा, सीझन बघा. १२ मॅच, ३ विजय, ९ पराभव. मेहुणा म्हणतो, विषय संपला. मी म्हणतो, पराभव उघडून तर बघ. सर्वांत मोठा ओहायो स्टेटकडून, २६–१७, म्हणजे नऊ गुणांनी. उरलेले आठही आठ किंवा कमी गुणांचे, एका स्कोअरचे (एका टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये नेला की, बोनससकट आठपर्यंत गुण मिळतात). मिशिगनशी ३२–२९. मिशिगन स्टेटला तर आम्ही दुसऱ्या हाफमध्ये एकही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत, म्हणजे डाउनमध्ये, दहा यार्ड पुढं जाणं) मिळू दिला नव्हता. मग आमचा एक पंट (चेंडू लाथेनं लांब मारून समोरच्यांना देणं) भलत्या बाजूला गेला, त्यांच्या गड्यानं तो ६२ यार्ड पळवून टचडाउन केला आणि ओव्हरटाइममध्ये आम्ही २३–२० ने गेलो.

शेवटची मॅच आयोवाशी, २६ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, लिंकनमध्येच. मेहुणा आदल्या दिवशी जेवायला आला होता, त्याला मीच घेऊन गेलो. आमच्या सगळ्या लाल रांगांत हा एकटा काळं-पिवळं जॅकेट घालून. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही २१–६ ने पुढं. तो गप्प, हातमोजे काढायचे, घालायचे, एवढंच चाललेलं. मी मनातल्या मनात परतीच्या वाटेवरची वाक्यं तयार करत होतो.

मग चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही पंट मारला. पंटचा एक धप्प आवाज येतो, तुम्ही मैदानात असाल तर ऐकू येतो. या वेळी दोन आले, लागोपाठ. दुसरा आवाज आयोवाच्या गड्याच्या हाताचा. चेंडू मागं उडाला, त्यांनी उचलला, टचडाउन. आम्ही अजून पुढंच होतो हो! पण माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी कानातला रेडिओ काढला, वायर नीट गुंडाळली आणि खिशात ठेवून दिली. त्यांना कळलं होतं. मग फील्ड गोल (खांबांमधून लाथ मारून तीन गुण), मग आमच्याच एंड झोनमध्ये सेफ्टी (आपण तिथं अडकलो की समोरच्यांना दोन गुण), मग आणखी एक टचडाउन. २८–२१.

गाडीत मेहुणा एवढंच म्हणाला, "दाजी, जवळून हरायचीसुद्धा सवय लागते."

त्या रात्री मी एक्सेल उघडलं. बारा मॅचमध्ये आम्ही केलेले गुण ३३५, दिलेले २७२. म्हणजे ३ विजयांची टीम वर्षाअखेर ६३ गुणांनी अधिकमध्ये! केलेल्या आणि दिलेल्या गुणांचा २.३७ वा घात घेऊन अपेक्षित विजय काढायचं जे सूत्र फुटबॉलसाठी वापरतात, ते लावलं तर साडेसात विजय निघतात. रात्री दीड वाजता मेहुण्याला स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं, पुढच्या वर्षी आठ.

पुढच्या वर्षी झाले चार.

आणि इथंच तुमचा प्रश्न येतो. ३ वरून ४, विजय वाढले. पण २०२२ मध्ये केलेले गुण २७१, दिलेले ३३१. अधिक ६३ वरून उणे ६०. टीम १२३ गुणांनी घसरली आणि विजयांच्या रकान्यात सुधारलेली दिसते. घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण केले तर नेब्रास्का कधीच हरली नव्हती, २१४ पैकी २१४. त्या वर्षी ४२ करून जॉर्जिया सदर्नकडून हरली आणि दुसऱ्या दिवशी कोच स्कॉट फ्रॉस्टची नोकरी गेली. म्हणून सांगतो, पाचाचे सात झाले याला स्वतःचं असं काही वजन नाही. सातांतले चार शेवटच्या मिनिटाच्या फील्ड गोलनं आले असतील तर पुढच्या वर्षी तेच चार उलटे फिरू शकतात.

एकूण यार्ड तर बघूच नका. पाच विजयांच्या टीमला बहुतेक वेळा बोल गेम, म्हणजे सीझननंतरची जादा मॅच, मिळत नाही, सात विजयांच्या टीमला मिळतो, आणि बोलचे आकडे २००२ पासून सीझनच्या बेरजेत धरतात. म्हणजे तुमच्या टीमचे यार्ड कदाचित तेराव्या मॅचमुळेच वाढले असतील. दर प्लेमागे (एका चालीमागे) किती यार्ड ते काढा, स्वतःचे आणि दिलेले, दोन्ही. २०२३ च्या आधीचे आकडे काढणार असाल तर त्या वर्षी नियम बदलला हे ध्यानात ठेवा: आता फर्स्ट डाउननंतर घड्याळ फक्त हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं, त्यामुळे मॅचमधले प्लेच कमी झाले. धावण्याच्या यार्डांवरून रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) शिव्या देऊ नका, कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकच्या सॅकचे (चेंडू फेकणाऱ्याला फेकायच्या आधीच पाडल्यामुळे गेलेले) यार्ड तिथूनच वजा होतात. टर्नओव्हरमध्ये (चेंडू समोरच्यांकडे जाणं) इंटरसेप्शन (फेकलेला चेंडू त्यांनी झेलणं) आणि फंबल (हातातून सुटणं) वेगळे मांडा. सुटलेला फंबल कोणाच्या हाती लागतो हे बरंचसं नाणेफेकीसारखं असतं.

एकच आकडा हवा असेल तर सक्सेस रेट. पहिल्या डाउनला लागणाऱ्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर तो प्ले यशस्वी. एखाद्या ७० यार्डांच्या धावेनं हा फुगत नाही. मॅच हातातून गेल्यावर राखीव पोरांनी खेळलेले प्ले मात्र आधी गाळा.

आता जे मी मेहुण्यासमोर अजून कबूल केलेलं नाही ते. माझ्या त्या अधिक ६३ मध्ये फोर्डमविरुद्धचे ५२–७ होते, जी टीम खालच्या गटात खेळते. बफेलोविरुद्ध २८–३ आणि नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ५६–७ होते. तिन्ही विजय काढले की उरलेल्या नऊ मॅचमध्ये १९९ विरुद्ध २५५. सूत्राप्रमाणे त्यातून तीन विजय यायला हवे होते, आला एकही नाही. म्हणजे साडेसात नव्हे, ती सहा विजयांची टीम होती. प्रतिस्पर्धी कोण होता हे न बघता बेरीज करणं हा गाढवपणा, आणि तो मी केला.

दुसरं, मी ज्याला दुर्दैव म्हणत होतो ते बघा. इलिनॉयविरुद्ध दोन एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतरची एका गुणाची लाथ) हुकले आणि पंट झेलताना घोळ घालून सेफ्टी दिली. ओक्लाहोमानं आमचा एक्स्ट्रा पॉइंट अडवून उलटा पळवला, दोन गुण त्यांना. मग मिशिगन स्टेटचा पंट, आयोवाचा पंट. चारही ठिकाणी लाथ मारण्याचा संबंध. याला नशीब म्हणत नाहीत, सराव नाही म्हणतात. फ्रॉस्टच्या काळात एका स्कोअरच्या आतल्या मॅच ५ जिंकलेल्या आणि २२ हरलेल्या आहेत. नाणं २७ वेळा उडवून असं होत नाही.

तरी मी आठ म्हणालो ते चूक नव्हतं, असं माझं म्हणणं कायम आहे. मी मोजली ती टीम पुढच्या वर्षी उतरलीच कुठं? सीझन संपायच्या आधीच ऑफेन्सचे चार कोच काढले, चार वर्षं खेळलेला क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ कॅन्सस स्टेटला गेला. हल्ली ट्रान्सफर पोर्टलमुळे (युनिव्हर्सिटी बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) सगळीकडे हेच, तेव्हा तुमच्या टीममधले किती जण परत येणार हेही बघा.

राहिली एक गोष्ट. २०२२ ची ती उणे ६० वाली टीम शेवटच्या शुक्रवारी आयोवाला गेली आणि सलग सात पराभवांनंतर त्यांना त्यांच्याच मैदानावर २४–१७ ने हरवून आली. मेहुण्याचा लगेच मेसेज: "दाजी, अभिनंदन. टीम सुधारली तुमची." आता याला काय उत्तर देणार? नाही म्हणायचं तर आयोवाला हरवलेल्या दिवशी माझीच टीम गेल्या वर्षीपेक्षा वाईट आहे हे मीच सिद्ध करायचं. एक्सेल उघडलं, बंद केलं. अंगठा पाठवला.

मुलाकडून दोन्ही वर्षांचे सगळे स्कोअर मागवा, नुसते विजय नकोत, आणि इथंच टाका. थँक्सगिव्हिंगच्या आधी टाकलेत तर बरं, मेहुणा यंदा इकडेच येतोय.