मंडईच्या फोटोंबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

मामाने पाठवलेले पुण्याच्या मंडईचे जुने फोटो परवा आपण पाहत होतो, तेव्हा तू विचारलेस, "आई, आजी तिच्याहून गरीब बाईशी आठ आण्यांसाठी भांडायची?" मी विषय बदलला, पण प्रश्न मनाला लागला, म्हणून सवडीने लिहिते आहे.

अष्टकोनी मनोरा आणि समोर बैलगाड्या असलेला पहिला फोटो फार जुना आहे. ती इमारत १८८६ साली सुरू झाली आणि तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत; त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले. हे सारे आजोबांनी मला मंडईच्या पायऱ्यांवरच सांगितले होते, पण तेव्हा माझे सगळे लक्ष पेरूंच्या ढिगाकडे होते.

तू बोट ठेवलेस त्या दुसऱ्या फोटोत, आजीच्या पदराआड अर्धी झाकलेली, कापडी पिशवी धरून उभी असलेली मुलगी मी आहे. ओट्यावर उंच बसलेल्या मावशींकडून आजी वर्षानुवर्षे भाजी घेत असे. भाव केल्याशिवाय आजी पिशवी उघडत नसे हे खरे, पण मावशींची भवानी व्हायची असेल तेव्हा ती एक शब्दही न बोलता मागतील तेवढे पैसे देई. मावशी ते पैसे कपाळाला लावत आणि तागडी खाली ठेवल्यावर, न मागता, मूठभर मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या माझ्या पिशवीत टाकत. माझ्या परीक्षेचा निकालही त्यांना आजीकडूनच कळे. त्या बोलण्याला भांडण म्हणायला माझे मन आजही तयार होत नाही.

तरीही एक सकाळ मला विसरता येत नाही. आजीने गवारीचा भाव तिसऱ्यांदा पाडून मागितला, तेव्हा मावशींनी काही न बोलता तोललेली गवार परत पाटीत ओतली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिले. आजी घरापर्यंत गप्प होती. आमचे घर एका पगारावर चालत होते, आठ आणे आम्हालाही जड होते. पण मावशी पहाटे किती वाजता घरून निघत असतील, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नव्हते.

इथे दुकानात छापील किमतीवर आपण काही बोलत नाही, आणि तूही कधी घासाघीस करावीस असा माझा आग्रह नाही. डिसेंबरात पुण्याला गेल्यावर, तुला वाटले तरच, सकाळी माझ्याबरोबर मंडईत ये. पिशवी मी धरीन.

तुझी,
आई