देवाचं पावित्र्य जाणवलं की माणूस खचायला हवा. मग तो सेवेला तयार कसा होतो?

खचतोच, पण तिथे थांबत नाही. बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 6वा अध्याय वाचा. उज्जीया राजा मेला त्या वर्षी यशयाला देव उंच सिंहासनावर दिसला; उंबरठे हादरले, मंदिर धुराने भरलं. त्याच्या तोंडून पहिलं निघालं ते 'हाय! माझा नाश झाला, मी अशुद्ध ओठांचा माणूस'. संदेष्ट्याचं सगळं भांडवल त्याची वाणी, आणि नेमकी तीच त्याला मलिन वाटली! मग देवाजवळच्या 'सराफ' नावाच्या स्वर्गदूतांपैकी एकाने वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून त्याच ओठांना लावला. दोष गेला. मला विशेष वाटतं ते पुढचं: देव हुकूम सोडत नाही, 'कोणाला पाठवू?' एवढंच विचारतो. क्षमा मिळालेला यशया आपणहून म्हणतो, 'मला पाठव.' काम कोणतं, हेही आधी विचारत नाही. ते होतं न ऐकणाऱ्या लोकांपुढे बोलत राहण्याचं.