टेस्टच्या आधी बिलाची धास्ती

प्रश्न : अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात एवढी मोठमोठी हॉस्पिटलं, एवढं संशोधन, तरी कोविडमध्ये इतकी माणसं कशी गेली? आणि थायलंडमध्ये पहिल्या वर्षी एवढी कमी कशी? नशीबच म्हणायचं का?

उत्तर : नशीब नाही हो. ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे कोविड यायच्या अगदी तोंडावर, ग्लोबल हेल्थ सिक्युरिटी इंडेक्स नावाची यादी आली होती, साथीला तोंड द्यायला कोण किती तयार आहे त्याची. १९५ देशांत अमेरिका पहिली. पण त्याच यादीत आत एक कॉलम होता, सामान्य माणसाला उपचार मिळतात का याचा, आणि तिथे हीच अमेरिका १७५ वी! पहिला नंबर सगळ्यांनी वाचला, हा फारसा कुणी वाचलाच नाही. मला तर वाटतं पुढचं बरंचसं ह्या दुसऱ्या आकड्यातच दिसत होतं.

कसं ते बघा. ज्याच्याकडे विमा नाही तो ताप आला तरी दोन दिवस बघू म्हणतो, रजेचा पगार मिळत नाही म्हणून कामावर जातो, दम लागायला लागला की मगच हॉस्पिटल गाठतो आणि तोवर घरच्यांना, सोबत काम करणाऱ्यांना लागण झालेली असते. तिकडे साथीआधीच अडीच कोटींहून जास्त लोक विम्याशिवाय होते, बाकी कित्येकांचा विमा नोकरीला बांधलेला, आणि २०२० मध्ये नेमक्या नोकऱ्याच गेल्या. मार्च २०२० मध्ये कायदा करून टेस्ट फुकट केली खरी, पण वर्षानुवर्षं बिलं बघून मनात बसलेली धास्ती एका कायद्याने कशी जाणार? एकूण ११ लाखांवर माणसं गेली, आणि हा आकडा लिहिताना अजूनही पोटात कालवतं.

थायलंडमध्ये २००२ पासून सगळ्यांना सरकारी आरोग्य संरक्षण आहे, शिवाय गावोगाव मिळून दहा लाखांवर आरोग्य स्वयंसेवक, ते घरोघर जाऊन कुणाला ताप आहे, कोण बाहेरून आलंय ते बघत होते. २०२० संपेपर्यंत तिथले मृत्यू शंभराच्या आत. पुढच्या वर्षी मात्र डेल्टा आला, लस वेळेत पुरेशी नव्हती आणि तिथेही हजारो गेले, कारण लस मिळणं हाही उपचार मिळण्याचाच भाग आहे.

प्रश्न : मग ब्रिटनमध्ये सगळं फुकट असून दोन लाखांवर का गेले?

उत्तर : रास्त शंका आहे. लॉकडाऊनला उशीर झाला, वयस्कर लोक जास्त, आणि लोकसंख्येच्या मानाने बेड कमी. फुकट दवाखाना एकटा पुरत नाही, हे मान्यच. पण उलटं पेरूचं बघा, मार्च २०२० मध्येच कडक लॉकडाऊन लावला, तरी आरोग्य व्यवस्था तुकड्या-तुकड्यांची, घरचे लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगेत, आणि सव्वातीन कोटींच्या देशात दोन लाखांवर मृत्यू.

पोर्तुगालने त्याच मार्चमध्ये एक साधी गोष्ट केली. रहिवासाचा अर्ज अडकून पडलेल्या स्थलांतरितांना तात्पुरतं कायदेशीर रहिवासी मानलं, म्हणजे कागद नाहीत म्हणून कुणी दवाखान्यात जायला घाबरू नये.